फुकट का राबायचे?



गेल्या पंधरवड्यात उजनी धरणाच्या काठावरून, करमाळा तालुक्यातल्या एका गावाहून एका बहिणीचे पत्र आले. नाव-गाव छापू नका अशी तिची विनंती आहे, म्हणून छापत नाही. परंतु तिचा प्रश्न एकटीचा नाही, तुमच्या-माझ्या सर्वांच्या घरातला आहे. म्हणून आज बाकीची पत्रे बाजूला ठेवून याच पत्राला उत्तर देते.

ती लिहिते, "ताई, वर्षावासात आम्ही बाया ग्रंथवाचनाला विहारात जमत होतो. वाचन झाल्यावर बोलता बोलता विषय निघाला. आमच्या वस्तीत चार म्हाताऱ्या एकट्या राहतात. दोन घरची माणसे कोयत्यावर गेली की पोरे आजीजवळ असतात. रेशनचे धान्य मिळते, पण कालवणाला काही नसते. मीठ-मिरचीवर भागवतात. आम्ही अकरा जणींनी ठरवले, की कुठेतरी वीस गुंठे रान धरायचे, दर रविवारी सकाळी सगळ्यांनी राबायचे आणि जे पिकेल ते आधी या घरांना पोचवायचे. गावातल्या एकाने पडीक तुकडा द्यायला होकारही दिला. पण घरी सांगितले तर मामंजी संतापले. म्हणाले, फुकट राबायचे दिवस बाबासाहेबांनी संपवले, ते तुम्ही पुन्हा कशाला सुरू करता? ताई, मला उत्तर सुचले नाही. त्यांचे चुकले असे वाटत नाही, आणि आमचे चुकले असेही वाटत नाही. तुम्ही काय म्हणता?"

पत्र वाचून मी दोन दिवस गप्प होते. कारण मामंजींचे वाक्य मला माझ्या आजीच्या तोंडून ऐकू आले.

मामंजी रागावले ते का?

नव्या पिढीच्या मुलींना 'वेठ' हा शब्द पुस्तकातला वाटतो. आमच्या आजीला तो अंगावरचा होता. सरकारी माणूस गावात आला की त्याच्या घोड्याला वैरण टाका, लाकडे फोडा, सांगावा घेऊन दहा कोस चालत जा, मेलेले ढोर ओढा. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका. घरात बाळंतीण आहे, ताप आहे, हे सांगायची सोय नव्हती. या सगळ्याचा मोबदला काय? हाडकी-हाडवळ्याचा एक तुकडा, तोही भावकीत वाटून वाटून चादरीएवढा उरलेला, आणि संध्याकाळी दारोदार फिरून मिळेल ती शिळी भाकर. आजी सांगायची, भाकर मागायला जाताना पोरांना ती मुद्दाम बरोबर नेत नसे. पोरांनी आईला वाकलेली बघू नये म्हणून.

या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल मांडले. वतन सोडा, गावकीची कामे सोडा, हे त्यांनी समाजाला परोपरीने सांगितले. पुढे १९५८ सालच्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. म्हणजे मामंजींच्या बापाने किंवा चुलत्याने ही वेठ स्वतः केलेली असणार. अशा घरातला माणूस 'फुकट राबणे' हे दोन शब्द ऐकून शांत बसेल, अशी अपेक्षा आपण करू नये. त्यांचा राग ही आपली कमाई आहे. तो विझवायचा नाही. तो राग कशावर आहे एवढे मात्र नीट समजून घ्यायचे.

राग कष्टावर नव्हता. आपला समाज कष्टाला कधी भ्याला नाही. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईने खडी फोडली, रस्त्यावर माती टाकली, तिथे मिळणारी सुकडी आम्हा भावंडांना चारली. त्याची तिला कधी लाज वाटली नाही. राग होता तो तीन गोष्टींवर. काम दुसरा ठरवत होता. कामाला नाही म्हणता येत नव्हते. आणि पोटाला मिळायचे ते हात पसरल्यावर मिळायचे. बहिणीने पत्रात जे रविवारचे काम सांगितले आहे, त्यात या तीनपैकी काय आहे आणि काय नाही, हे तपासले पाहिजे. उत्तर त्यातच आहे.

उसाच्या मध्यभागी कोरडी भाकर

आधी भूक खरी आहे का ते पाहू. कोणी म्हणेल, उजनीकाठी भूक कसली? ११७ टीएमसीचे धरण, सोलापूर जिल्ह्याची जीवनवाहिनी! धरण पूर्ण झाले १९८० च्या सुमारास. भीमेकाठची जुनी गावठाणे पाण्यात गेली, लोक वर माळावर येऊन बसले. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना मोबदला मिळाला. ज्यांचा सातबाराच नव्हता, जे दुसऱ्याच्या रानात राबून जगत होते, त्यांचे रान गेले आणि मोजदादही झाली नाही. त्यात आपली घरे किती होती हे ज्याने त्याने आपल्या गावाला विचारावे.

आज काठावर उभे राहिले तर नजर जाईल तिथे ऊस आहे. केळी आहेत. कंदर-वाशिंबे भागातली केळी परदेशी जातात. परंतु ऊस आणि केळी ही विकायची पिके. पूर्वी दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी ओच्यात तांदुळजा, पाथरी, घोळ अशी रानभाजी घेऊन यायची. बांधावर शेंग असायची, वाल असायचा. मालक हरभरा काढायला लागला की मूठभर डहाळा मिळायचा. उसाच्या फडातून काय आणणार? तणनाशक मारलेल्या सरीत घोळही उगवत नाही. म्हणून मजुरी मिळते, पण भाजी आठवड्याच्या बाजारातून विकत आणावी लागते. ज्या घरात मजुरी करणारे हात नाहीत, तिथे ती येतच नाही.

रेशनचे म्हणाल तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय घराला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य घराला माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते फुकटही झाले. हा आपला हक्क आहे, तो सोडायचा नाही. कोणाचे कार्ड बंद असेल, अंगठा उमटत नसेल तर पहिला रविवार त्या कामासाठी द्या. पण नुसत्या धान्याने ताट भरत नाही. त्यात डाळ हवी, पालेभाजी हवी. एकट्या म्हातारीच्या आणि वाढत्या लेकराच्या ताटात नेमके तेच नसते. तेव्हा बहिणीने भूक बरोबर ओळखली आहे.

आपल्याआधी कोणी केले?

सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या गाडीत बसलात, की उमरगा, हुमनाबाद मागे टाकून जहीराबाद लागते. तेलंगणातल्या संगारेड्डी जिल्ह्यातला हा कोरडवाहू भाग. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८० च्या दशकापासून खेडोपाडीच्या महिला संघांबरोबर काम करते. या संघांतल्या बहुतेक बाया दलित, अल्पभूधारक. सरकारने वाटलेल्या त्यांच्या जमिनी खडकाळ, पडीक होत्या. घरात रेशनचा तांदूळ यायचा आणि रान ओसाड पडायचे.

१९९० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी वेगळाच विचार केला. तीसेक गावांत अडीच हजार एकरांच्या आसपास पडीक जमीन नांगरटीखाली आणली. त्यासाठी नांगरणी, खत, पेरणी अशा टप्प्यांनी उचल मिळाली. ही उचल पैशात फेडायची नव्हती. काही वर्षांत ज्वारी देऊन फेडायची होती. ती ज्वारी गावातच, कडुनिंबाचा पाला घालून, जुन्या पद्धतीने साठवली. पावसाळ्यात हाताला काम नसते तेव्हा गावातल्या गरीब घरांना ती बाजारापेक्षा कमी भावात दिली. आलेला पैसा पुन्हा संघाच्या गल्ल्यात.

आता कोण गरीब हे कसे ठरवले? तहसीलदाराने ठरवले नाही. बायांनीच जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढला, घर न् घर मांडले, आणि कोणाला किती गरज हे आपसात बोलून ठरवले. ज्यांची नावे यादीत आली त्याच यादी करायला बसलेल्या होत्या. हे लक्षात ठेवा, मी पुढे पुन्हा त्यावर येणार आहे.

दुसरी गोष्ट सातासमुद्रापलीकडची आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॅनी लू हेमर नावाची काळी बाई होऊन गेली. वीस भावंडांत धाकटी, कापूस वेचून मोठी झालेली. १९६२ साली ती मतदार यादीत नाव नोंदवायला गेली, तर अठरा वर्षे राबलेल्या मळ्यावरून मालकाने तिला हाकलून दिले. पुढच्या वर्षी तुरुंगात तिला बेदम मारले. मताचा हक्क मागणाऱ्याची आधी चूल विझवायची, ही तऱ्हा आपल्याला काही नवी नाही! हेमरबाईंना कळले, की ज्याच्या घरात खायला आहे तोच मान ताठ ठेवू शकतो. १९६९ साली त्यांनी ४० एकर जमीन घेऊन 'फ्रीडम फार्म' म्हणजे स्वातंत्र्याचा मळा सुरू केला. शेंगा, भेंडी, पालेभाज्या पिकवल्या आणि काम गेलेल्या कुटुंबांना पोचवल्या. त्याआधी डुकरांची बँकही काढली. एका घराला मादी द्यायची, तिला पिले झाली की त्या घराने त्यांतली काही बँकेत परत करायची, ती पुढच्या घराला. मळा वाढत वाढत सहाशे एकरांवर गेला.

परंतु पुढचेही सांगितले पाहिजे. पूर, अवर्षण, कर्जाचे हप्ते आणि हेमरबाईंचे आजारपण यांमुळे १९७० च्या दशकाच्या मध्यात तो मळा बंद पडला. १९७७ साली बाई गेल्या. भराभर वाढलेले काम एका माणसाच्या जिवावर आणि कर्जावर उभे असले, की असे होते. आपण त्यांच्या धैर्याकडून शिकायचे तसे या अपयशाकडूनही शिकायचे.

आणि आपल्या मातीतले? बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातली मुले स्वतः शेतात राबत, आणि 'मुष्टिफंडा'साठी घरोघरच्या बाया रोज दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत. त्या मुठीवर कितीतरी पोरे शिकली. १९४७ साली बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन लिहिले. त्यात जमीन राज्याची असावी, गावकऱ्यांनी ती जातपात न पाहता सामुदायिक पद्धतीने कसावी, बियाणे-अवजारे-पाणी राज्याने पुरवावे, असा आराखडा मांडला. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि मग ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. लाखो माणसे तुरुंगात गेली, त्यांत लेकुरवाळ्या बाया होत्या. एकत्र जमीन कसणे हा विचार आपल्याला परका नाही, मामंजींना हेही सांगा.

माझी चूक

आता एक गोष्ट सांगते, जी सांगताना अजून मान खाली जाते.

बऱ्याच वर्षांपूर्वी सोलापुरात आमच्या भागातल्या मंडळाने जयंतीनिमित्त गरजू घरांना धान्य वाटायचे ठरवले. यादी मी केली. मला वाटले, केवढे पुण्याचे काम करते आहे! कार्यक्रमाच्या दिवशी मंडप, खुर्च्या, पाहुणे, फोटोवाला. माईकवरून एकेक नाव पुकारायचे, त्याने पुढे येऊन पाहुण्यांच्या हातून पिशवी घ्यायची. पाचवे-सहावे नाव आमच्याच गल्लीतल्या एका आजींचे होते. त्या मंडपाच्या कडेला उभ्या होत्या. नाव ऐकले, पदर सावरला आणि पाठ फिरवून घरी गेल्या.

संध्याकाळी मी पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला बसायला पोते टाकले, कोरा चहा दिला. पिशवीकडे पाहिलेही नाही. म्हणाल्या, "मी उपाशी हाय ते मला म्हाईत हाय. समद्या गल्लीला कशाला सांगितलंस?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजीने आपल्या पोरांना भाकर मागायला बरोबर नेले नाही, आणि मी मात्र या आजींना माईकवरून बोलावले. मागणारा आपला, देणारा आपला, तरी ओंजळ तीच राहिली. पिशवी मी तिथेच ठेवून आले. आठ दिवसांनी ती तशीच्या तशी विहाराच्या पायरीवर सापडली.

जहीराबादच्या बायांनीही यादी उघड्यावरच केली. मग तिथे कोणी पाठ का फिरवली नाही? कारण तिथे घेणारी बाई यादीच्या बाहेर उभी नव्हती, रांगोळीभोवती बसलेली होती. आणि धान्य तिच्या शेजारणीच्या व तिच्या स्वतःच्या रानातले होते, ते ती थोडे पैसे मोजून घेत होती. वेठ आणि श्रमदान यांत जो फरक, तोच भीक आणि वाटा यांत आहे.

तर मग कसे करावे?

बहिणीला माझे उत्तर असे: जरूर करा, पण पुढील गोष्टी आधी पक्क्या करा.

पहिली गोष्ट, नाही म्हणण्याची मोकळीक. जिला त्या रविवारी मजुरी मिळत असेल तिने मजुरीला जावे. कोणाचे मूल आजारी असेल तिने येऊ नये. दंड नाही, टोमणा नाही. जिला नाही म्हणता येत नाही तिचे काम वेठच आहे, मग ते विहाराच्या नावाने का असेना.

दुसरी गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी आहे. रविवारी सकाळी बाई रानात गेली तर पाणी कोण भरणार, भाकरी कोण थापणार? घरची सगळी कामे उरकून वर रानातले काम, असे असेल तर ती बायांवरची नवी वेठ झाली. त्या दिवशीचा स्वयंपाक पुरुषांनी करावा. जमत नसेल तर शिकावे! नांगरट, बांध, पाण्याची पाळी ही कामेही त्यांनी उचलावीत.

तिसरी गोष्ट, घेणारी घरे सभासद झाली पाहिजेत. त्या चार म्हाताऱ्यांना आधी विचारा, की काय लावू? त्यांच्याइतके बियाणे तुम्हा कोणालाच कळत नसेल. वाकवत नसेल तर त्या बसून शेंगा फोडतील, बी निवडतील, पाखरे राखतील. मुले शाळा सुटल्यावर रोपांना पाणी घालतील. ज्यांना काहीच होत नाही त्यांनाही बैठकीत जागा द्या. वाटा मग घरोघर सारखा, झाकल्या पाटीतून, शेजारीण शेजारणीकडे जाते तसा जाऊ द्या. माईक नको, फोटो नको. मोबाइल तर नकोच!

चौथी गोष्ट, जमिनीचा कागद. पडीक तुकडा कोणी दिला तर त्याचे आभार माना, पण किती वर्षांसाठी, पीक कोणाचे, पाणी कोणाचे, हे कागदावर लिहून सह्या घ्या. नाहीतर तुम्ही हरळी खणून, दगड वेचून रान तयार कराल आणि दुसऱ्या वर्षी मालक त्यात ऊस लावील. म्हणजे फुकट राबणे खरेच झाले आणि मामंजींचे बोल खरे ठरले. किमान तीन वर्षांचा करार मागा. गायरानाचा मोह तूर्त नको. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारने १९९१ साली केला होता. पण २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नवे अतिक्रमण टिकणे अवघड झाले आहे.

काठावरच्या गावांना आणखी एक वाट आहे, ती म्हणजे गाळपेर. कालव्यांना पाणी सुटले की धरणाची कड हळूहळू उघडी पडते. वर्षानुवर्षांचा गाळ, त्यात ओल, पीक जोमाने येते. ही जमीन जलसंपदा खात्याची. ते ती हंगामापुरती भाड्याने देते आणि धरणग्रस्तांना अग्रक्रम असतो. २०१८ च्या दुष्काळात चाऱ्यासाठी ती नाममात्र भाड्याने देण्याचा निर्णयही झाला होता. तुमच्या अकरा घरांत धरणग्रस्ताचा दाखला कोणाजवळ असेल तर पाटबंधारे कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बिनपरवाना पेरू नका, धरणात बिनपरवाना मोटर टाकू नका. मात्र गाळपेरीवर सगळी भिस्त ठेवू नये. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले होते, तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भरले. पाणी कधी ओसरेल आणि कधी चढेल हे आपल्या हाती नाही, आणि बुडालेल्या पिकाची भरपाई मिळेल असे धरू नये. म्हणून तिथे लवकर येणारे पीक घ्या. उन्हाळी मूग पासष्ट-सत्तर दिवसांत निघतो, काकडी आणि मेथी त्याहून लवकर. मे महिन्यात रान मोकळे झाले पाहिजे.

वीस गुंठ्यांत काय होईल?

थोडा हिशेब मांडू. चार म्हाताऱ्या आणि सहा लेकरे मिळून दहा ताटे धरा. माणशी दिवसाला चाळीस ग्रॅम, म्हणजे साधारण मूठभर डाळ धरली, तर एका माणसाला वर्षाला साडेचौदा किलो लागते. दहा जणांना दीड क्विंटलच्या आसपास. पाऊसपाणी बरे असेल तर एवढी डाळ वीस गुंठ्यांच्या तूर-हरभऱ्यातून निघणे काही अशक्य नाही.

मृगाचा पाऊस झाला की तुरीच्या ओळी, मध्ये मूग-मटकी. कडेने गवार, भेंडी. बांधावर शेवग्याची पाच-सहा झाडे लावा, एकदा लागला की पाला आणि शेंग दोन्ही वर्षानुवर्षे मिळतात. रिकाम्या पट्ट्यात हस्ताच्या ओलीवर मालदांडी ज्वारी, नाहीतर हरभरा. दारच्या सांडपाण्यावर मेथी-पालकाचा एकेक वाफा. मेथी महिन्याभरात ताटात येते, म्हणून पहिली पेरणी तिचीच करा. महिन्यात काही हाती आले की सगळ्यांचा हुरूप टिकतो.

भाजी जास्त झाली तर विकायची घाई करू नका. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून सावलीत वाळवून ठेवायची आपल्याकडची जुनी रीत आहे. मटकी-मुगाचे सांडगे घाला. उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडाला, जेव्हा बाजारात भाजी महाग होते, तेव्हा हे वाळवण म्हाताऱ्यांच्या कामी येते. वर्षाचे बियाणे पहिल्यांदा बाजूला काढा, मगच वाटप करा.

हिशेबाची वही विहारात ठेवा. कोण आले, काय निघाले, कोणत्या घरी किती गेले, बियाण्याला किती खर्च झाला हे दर रविवारी लिहा. शिकलेल्या मुलीकडे हे काम द्या आणि महिन्यातून एकदा मोठ्याने वाचा. घेणाऱ्यांची नावे वाचायची नाहीत, नुसते माप वाचायचे. कर्ज काढू नका. वर्गणी दहा-वीस रुपयांपलीकडे नेऊ नका. पहिल्या वर्षी वीस गुंठ्यांचे पंचवीस करू नका. हेमरबाईंचा मळा आठवा.

आणि गावातल्या इतर गरीब घरांचे काय? एखादी पारधी, मातंग, मुसलमान किंवा मराठ्याची एकटी म्हातारी उपाशी असेल तर? तिलाही रांगोळीभोवती बसवा. ज्या गावाने आपल्याला शिळी भाकर वाढली, त्या गावाला आपण ताजी भाजी वाढू, पण बरोबरीने बसवून. याला मोठे मन लागते, ते एका दिवसात होत नाही. निदान विषय तरी काढा.

शेवटी मामंजींविषयी. बाई, त्यांच्याशी वाद घालू नकोस. जेवण झाल्यावर शांतपणे सांग, की मामंजी, तुम्ही म्हणता तेच आम्हीही म्हणतो. कोणी हुकूम करणार नाही, कोणाच्या दारात उभे राहणार नाही, सगळे कागदावर घेऊ. मग विचार, की त्या पडीक तुकड्याची माती कशी आहे, तूर येईल का, तुम्ही एकदा बघून याल का? आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबलेल्या माणसाला माती हातात घेतली की सगळे कळते. ते आले तर त्यांना बसायला सावली धरा आणि पहिली ओळ त्यांच्या हातून पेरा. नाही आले तरी रागावू नका. मेथीची पहिली जुडी घरी नेशील तेव्हा काय म्हणतात ते मला कळव.

पत्राची वाट पाहते. इतर गावांतल्या भगिनींनी असे काही केले असेल, मोडले असेल, जमले असेल, तर त्यांनीही लिहावे. जमलेले लिहा तसे मोडलेलेही लिहा, दुसऱ्या गावाला त्याचा उपयोग होईल.

जयभीम!

तुमची ताई